फ्रीजच्या दाराचा कॉम्प्युटर

आमच्या जावयाला मी थंडोबा म्हणते. तोंडावर नव्हे हं. तोंडावर जावईबापू, बसा, चहा घ्या, सगळं रीतसर. पण स्वयंपाकघरात लेकीशी बोलताना किंवा शिलाई मशीनवर एकटीच बडबडत बसले की थंडोबा. फ्रीज दुरुस्त करणाऱ्या माणसाला याहून शोभणारं नाव सुचत असेल तर तुम्हीच सांगा.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर म्हणाल, सासू आहे, नावं ठेवायला बसली. पण घाई म्हणून कशाची नाही त्याला. पहिल्यांदा आमच्या घरात आला तो फ्रीज गार करेना म्हणून. आला, खाली बसला, फ्रीजच्या पाठीला कान लावला आणि डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मी म्हटलं, "अहो मिस्त्री, तिकडे दूध नासतंय माझं!" तर डोळे न उघडताच ओठांवर बोट ठेवून त्याने मला गप्प केलं. माझ्या घरात, मला! आमची लेक दारात उभी होती, ती खुदकन हसली. त्यानंतर फ्रीज ठणठणीत असतानाही 'गॅस बघून जातो' म्हणत त्याच्या चकरा सुरू झाल्या, तेव्हाच मी ओळखलं की बिघाड आता दुसरीकडे झालाय.

त्याच्या धंद्यात एकच धर्म. फट दिसली की बुजवायची. "दाराचं रबर ढिलं पडलं की संपलं, आई. गारवा बाहेर पळतो आणि मोटर बिचारी धावत सुटते." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन. घरातही तेच. आमच्या इमारतीखाली सुतारांचा कारखाना, दिवसभर भुसा वर उडतो. लग्नानंतर लेक-जावई आमच्याच वरच्या खोलीत राहायला आले, तर पहिल्याच आठवड्यात थंडोबाने सगळ्या खिडक्यांच्या फटींना रबराच्या पट्ट्या मारल्या. भुसा थांबला, खोटं कशाला बोलू. पण मी कढई तापत ठेवली आणि धुराने घरभर खोकल्याची साथ आली. मग एक पट्टी काढली. एकच. तीही माझ्याकडे दुखावल्या नजरेने बघत.

आता आमच्या ह्यांचं सांगते, कारण खरी गोष्ट त्यांच्या हाताची आहे.

हे बस चालवायचे. उभा जन्म त्यात गेला. बाकी कशात शिस्त नसेल, मोजे कुठे टाकतील त्याचा नेम नाही, पण गाडीवर बसले की एक नियम: आत माणसं बसलीत तोवर एक तरी हात चाकावर. दोन असतील तर उत्तम, पण एक कायम. एकदा वळणाच्या रस्त्यावर गांधीलमाशी मानेवर बसली आणि कडाडून चावली. ह्यांनी हात उचलला नाही. थांब्यावर गाडी लावली, दारं उघडली, सगळे उतरले, मग मानेला हात लावला. घरी आले तेव्हा मान सुजून भोपळा झाली होती. मी म्हटलं, "अहो, एक चापट मारायला काय झालं होतं?" तर म्हणाले, "आत माणसं होती ना." जशी काही मीच वेडी.

नोकरी संपली, सत्कार झाला, शाल मिळाली, आणि शालीची घडी मोडायच्या आत झटका आला. अर्धांगवायू. उजवी बाजू. देवाची कृपा म्हणा किंवा लेक हॉस्पिटलात कामाला होती म्हणून म्हणा, वेळेत उपचार झाले. जीभ सुटली, पाय सुधारला, घरात चालायला लागले. राहिला तो उजवा हात.

व्यायाम शिकवायला एक बाई घरी यायच्या. हातात स्पंजचा चेंडू देऊन म्हणायच्या, "दाबा." हे म्हणायचे, "कशासाठी?" "हात सुधारेल." "मी काय तान्हं बाळ आहे चेंडूशी खेळायला?" आणि डाव्या हाताने चेंडू असा भिरकावला की माझ्या मशीनच्या मागे जाऊन पडला. त्यानंतर उजवा हात जो स्वेटरच्या खिशात गेला तो गेलाच. जेवण डाव्याने, दात डाव्याने, दार डाव्याने. कोणी आलं तर खिसा भिंतीकडे करून बसायचे. उभ्या शहराची माणसं ज्या हातांनी सुखरूप घरी पोचवली, त्यातला एक असा लपवून बसलेले मला बघवत नव्हते.

एक दिवस जाताना बाईंनी मला जिन्यात गाठलं. जावई मागेच होता. बाई म्हणाल्या, "आजी, हातात जीव परत आलाय. मी तपासते तेव्हा मला कळतं. बोटं मिटतात, थोडं ओढतातही. पण हे त्याला कामच देत नाहीत. असाच ठेवला तर हात काम करायचं विसरेल. सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे असतात, नंतर फार अवघड."

मी जावयाकडे बघितलं. तो काय म्हणाला असेल?

"हं."

हं! मी मनात म्हटलं, अरे थंडोबा, इथे आभाळ फाटलंय आणि तू नुसता हं म्हणतोस?

काही दिवसांनी जेवताना त्याने अचानक सांगितलं, "आपण कॉम्प्युटर बांधू या. गेमिंगचा." कोणा गिऱ्हाइकाकडे फ्रीज दुरुस्त करताना त्याने बघितलं होतं. त्यांची मुलगी पडद्यासमोर बसून खरंखुरं गोल स्टेअरिंग फिरवत ट्रक चालवत होती. "बस पण चालवता येते त्यात, आई. घाट, पाऊस, थांबे, सगळं. त्यांनी नवं स्टेअरिंग घेतलंय, जुनं मला देतायत."

"आणि कॉम्प्युटर कशातून येणार?"

नवीन मोटरसायकलसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते म्हणे. त्याची जुनी मोटरसायकल लाथा खाल्ल्याशिवाय सुरू होत नव्हती. लेकीने नुसती मान डोलावली, म्हणजे दोघांचं आधीच ठरलेलं. मला राहवलं नाही. "अहो जावईबापू, माणसाचा हात जायची वेळ आलीय आणि तुम्ही खेळणं आणताय?"

तो घास संपेपर्यंत थांबला. मग म्हणाला, "चेंडू खेळणं होतं, आई. म्हणून त्यांनी फेकला. बस चालवणं त्यांचं काम आहे."

मी त्याच्या ताटात न मागता आणखी एक पोळी वाढली.

तयार कॉम्प्युटर का नाही घेतला, तर थंडोबाचं म्हणणं, तयार डब्यात काय कोंबलेलं असतं ते कळत नाही. एकेक भाग बघून, निवडून घ्यायचा. ह्यांनाही सोबत नेलं. नाही आले तर मी दिवसभर भुणभुण लावीन या भीतीने आले. दुकान म्हणजे एक लांबट खोली, दोन्ही भिंतींना छतापर्यंत खोकी. चालवणारी बाई माझ्याच वयाची, चष्मा कपाळावर ढकललेला, हातात स्क्रूड्रायव्हर. हे स्टुलावर बसले. हात खिशात, नजर रस्त्यावर.

थंडोबाने सांगितलं, "बसचा गेम चालला पाहिजे. चित्र अडखळत नको, अडखळलं की ह्यांचं डोकं गरगरतं. आणि खिसा मध्यम आहे."

"मग मधलंच बांधू," म्हणत बाईने टेबलावर एक खोकं ठेवलं. प्रोसेसर, म्हणजे सगळा हिशोब करणारं डोकं. हा अगदी तगडा होता. त्याच्या शेजारी एक लहानसं ग्राफिक्स कार्ड ठेवलं. पडद्यावर चित्र काढायचं काम त्याचं. "प्रोसेसर भारी घ्या, कार्ड साधं चालेल. म्हणजे खिशात बसेल."

स्टुलावरून आवाज आला. "इंजिन ट्रकचं आणि चाकं सायकलची? कशी पळायची गाडी?"

आम्ही सगळेच वळलो. कित्येक दिवसांत ह्यांनी मीठ कमी आहे यापलीकडे कशावर मत दिलं नव्हतं. दुकानवाली हसली. "बरोबर बोललात. गेमला कार्डच जास्त लागतं. पण येणारा प्रत्येक जण प्रोसेसरचंच नाव घेत येतो, म्हणून तेच आधी दाखवायची सवय लागलीय." तिने पहिलं खोकं उचलून मधला प्रोसेसर काढला आणि वाचलेल्यात चांगलं कार्ड बसवलं.

मग मेमरी. एक मोठी पट्टी घ्यायची की सारख्या दोन? दोन लावल्या तर काम भरभर होतं, असं बाई म्हणाली. "मागची चाकं जोडीनेच असतात," असं हे पुटपुटले. दोन घेतल्या. वीज पुरवणारा डबा बाई हलका दाखवत होती, तिथे मात्र थंडोबा अडून बसला. "चांगल्यातला द्या. खराब विजेने मेलेले फ्रीज मी रोज उघडतो." मग रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे आले. बाई कौतुकाने म्हणाली, "आत सगळं इंद्रधनुष्यासारखं उजळतं बघा." थंडोबाने शांतपणे विचारलं, "आत कोणी बसणार आहे का?" साधे पंखे घेतले.

शेवटी कॅबिनेट. हे सगळं ज्यात बसवायचं ती लोखंडी पेटी. इथे खरं घोडं अडलं. बाईने पुढून सगळी जाळी असलेली पेटी काढली. "हीच घ्या. हवा खेळती राहते." थंडोबाने जाळीवर बोट फिरवलं आणि भातात खडा लागल्यासारखं तोंड केलं.

"फटी आहेत."

"फटी नाहीत हो, जाळी आहे."

"आमच्याकडे खाली सुतारकाम चालतं. भुसा जाईल आत."

बाईने समजावलं, की कॉम्प्युटर काही फ्रीज नाही, गरमी आतच तयार होते, ती बाहेर पडायला वाट लागते. पण पालथ्या घड्यावर पाणी. जन्मभर फटींशी भांडलेला माणूस, पैसे मोजून फटी विकत घेईल का? त्याने एक जाडजूड, चारही बाजूंनी बंद पेटी उचलली. बाईने हात टेकले. "मागची बाजू तरी मोकळी ठेवा. भिंतीला चिकटवू नका." तो "ठेवीन" म्हणाला, आणि ठेवलीही. हे लक्षात असू द्या.

सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बांधकाम चाललं. माझ्या बटणांच्या डब्याच्या झाकणात त्याने स्क्रू ओळीने मांडले. एक भाग बसवायचा, कान लावायचा, पुढचा घ्यायचा. त्यात ऐकण्यासारखं काय होतं ते त्यालाच ठाऊक. हे आधी दूर होते, मग खुर्ची सरकवत सरकवत जवळ आले. सगळं बसल्यावर माझा जावई वर गेला आणि भंगारातल्या फ्रीजच्या दाराचं लोहचुंबकवालं रबर घेऊन आला. पेटीच्या बाजूच्या झाकणाला ते चारी कडांनी डकवलं. वर एका मेलेल्या फ्रीजचं चकचकीत हँडल ठोकलं. झाकण लावलं की थप्प असा आवाज यायचा, अगदी फ्रीजसारखा.

मी म्हटलं, "आत दूध ठेवू का?"

"भुसा साफ करायला उघडावं लागेल ना, आई," तो म्हणाला. एवढा खूश मी त्याला लग्नातसुद्धा बघितला नव्हता.

खिडकीजवळच्या टेबलावर सगळं मांडलं. समोर पडदा, स्टेअरिंग, उजव्या हाताला ती पेटी. बटण दाबलं आणि पडद्यावर बस उभी राहिली. खरी वाटावी अशी. हे बसले. आधी खुर्ची खाली आहे म्हणून कुरकुरले, मग आरसा कुठे आहे म्हणून. मग डाव्या हाताने चाक धरलं आणि बस अशी अलगद थांब्यातून काढली की उभ्या माणसाचाही तोल जाऊ नये. संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. मध्येच ओरडले, "ए, हा माणूस तिकीट न काढता चढला!"

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण ह्यांचं वेड वाढतच गेलं. सकाळी अंघोळ करून, केस विंचरून कामावर हजर. बोलायला लागले, भांडायला लागले, जेवण मागून घ्यायला लागले. घर पुन्हा घर वाटायला लागलं. पण चाक डाव्या हाताने. फक्त डाव्या हाताने. उजवा खिशात तसाच. अहो, इतकी वर्षं मुरलेला ड्रायव्हर, एका हाताने सुद्धा सराईत चालवतो! ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच बाजूला राहिलं.

व्यायामाच्या बाई म्हणाल्या, "मन रमलंय, चांगलंच आहे." पण खिशाकडे बघून त्यांनी सुस्कारा सोडला. मी थंडोबाला स्वयंपाकघरात गाठलं. "आता काय करायचं? सांगा ना त्यांना, उजवा हात लावा म्हणून."

"सांगून लावला असता तर चेंडूच दाबला असता. चालवू द्या, आई."

असं म्हणाला खरा. पण त्याचीही भूक कमी झाली होती, हे मला वाढताना दिसत होतं. कामावरून आला की दारात उभा राहून पडद्याकडे नाही, सासऱ्यांच्या खिशाकडे बघायचा. मग खाली जाऊन त्या खटारा मोटरसायकलशी काहीतरी खुडबुड करत बसायचा.

आता माझा भाग. मला घरात उघडी वस्तू बघवत नाही. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, शिलाई मशीनला तर दोन. ती पेटी तेवढी नागडी उभी. खिडकीच्या पडद्यांचं जाड कापड उरलं होतं, आतून अस्तर लावून मी तिला झकास कव्हर शिवलं. फुलाफुलांचं. अंगाबरोबर बसणारं. हँडलपुरतं मोठं काज केलं, त्यातून ते बाहेर डोकावायचं. पुढे बटणापुरती खिडकी. मागे? मागे कशाला मोकळं ठेवायचं, मागून कोण बघतंय? एका दुपारी हे आत तोंड धूत होते तेव्हा मी ते चढवून टाकलं आणि माझ्या मशीनवर जाऊन बसले.

उकाडा मी म्हणत होता. थंडोबा जेवायला घरी आलेला, मोरीत ताट घासत होता. ह्यांनी बस भरली आणि घाटाला लावली. माझ्या तोंडात टाचण्या, पाय मशीनवर, एका मोठ्या पडद्याची दुमड चाललेली. थोड्या वेळाने कानावर घरघर यायला लागली. मला वाटलं खाली सुतारांनी नवीन रंधा आणला. मग घरघरीची किंचाळी झाली.

"अरे, काय झालं हिला?" हे ओरडले. पडद्यावर बस उतारावर, आणि चित्र झटके खात होतं. एक क्षण वळण, पुढच्या क्षणी दरी. "ब्रेक लागेना! इंजिन तापलंय! कोणीतरी बॉनेट उघडा!"

मी टाचण्या गिळायच्या बेतात. तोंडातून शब्द निघेना. थंडोबा साबणाच्या हातांनी धावत आला. त्याला धावताना मी आयुष्यात प्रथम बघितलं. "बाबा, स्टेअरिंग सोडा! बाजूला व्हा, मी उघडतो!"

"सोडू?" हे कडाडले. "आत माणसं आहेत!"

आणि उजवा हात खिशातून बाहेर आला.

तो वेडावाकडा हवेत तरंगला, पेटीवर आदळला, कव्हरवरून घसरला. थंडोबा पाऊलभर अंतरावर होता. हात पुढे करून तो उघडू शकला असता. तो जागच्या जागी थिजला, साबणाचं पाणी कोपरावरून ठिबकत. बोटं पुन्हा वर आली, त्या मेलेल्या फ्रीजच्या हँडलभोवती एकेक करून मिटली. दंड थरथरला. ह्यांनी दात आवळले, डोळे मात्र रस्त्यावरच. आणि ओढलं.

थप्प!

झाकण निघालं, कव्हर फाटत त्याच्याबरोबर आलं. आतून भट्टीसारखी झळ आली. हळूहळू किंचाळी उतरली, चित्र वाहायला लागलं. ह्यांनी डाव्या हाताने बस उतारावरून खाली आणली, थांब्यात लावली, दारं उघडली. सगळे प्रवासी उतरेपर्यंत थांबले. मग घाम पुसायला निघाले, तर हात मोकळा नव्हता. उजव्या हाताने अजून हँडल धरलेलं होतं.

तिकीट न काढता चढलेल्या माणसाकडे बघावं तसं ते त्या हाताकडे बघत राहिले.

माझ्या तोंडात टाचण्या आणि डोळ्यांतून धारा. शेवटी ह्यांनीच घसा खाकरला. "या पेटीला हवाच नाही. कोणी घेतली ही?"

"मी, बाबा," थंडोबा म्हणाला.

मग ह्यांनी ते फाटकं फुलाफुलांचं कव्हर बघितलं, आणि माझ्याकडे बघितलं. मी टाचण्या काढल्या. "माझ्याकडे काय बघता? धूळ कोण पुसतं या घरात?"

थोड्या वेळाने स्वयंपाकघरात गेले तर जावई ओट्याला टेकून खाली बसलेला. खांदे हलत होते. मला बघून त्याने बाहीने तोंड पुसलं. "चुकलंच माझं, आई. ती बाई सांगत होती, जाळीची घ्या म्हणून. आत काही जळलं असतं म्हणजे? उद्याच बदलून आणतो."

मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले, तरी बसले. "अरे थंडोबा," मी म्हटलं, "तू शहाण्यासारखी जाळीची घेतली असतीस, तर ती तापली नसती. ती तापली नसती, तर त्यांनी हात बाहेर काढला असता का?"

त्याने मान वर केली. "थंडोबा?"

जीभ चावून काय उपयोग, सुटला होता शब्द. पण तो हसत होता, ओल्या डोळ्यांनी. "लग्नाच्या आधीपासून ठाऊक आहे, आई. तुमच्या लेकीच्या पोटात काही राहतं का?"

जाळीची पेटी त्याने आणली. आमच्या ह्यांनी ती परत पाठवली. "हीच राहू दे. मी बघतो तिच्याकडे." मग थंडोबाने माझ्या डोळ्यांदेखत, काळजावर दगड ठेवून, आपल्या हाताने पेटीच्या पुढे आणि वर भोकं पाडली. कव्हराच्या धडक्या भागाची मी खुर्चीला गादी केली. आता गाडी सुटायच्या आधी इंजिन बघायचा नियम आहे. हे हँडल धरून झाकण उघडतात, ब्रशने भुसा झाडतात, झाकण लावतात. सगळं उजव्या हाताने, कारण डावा चाकावर असतो. बस उभी असली तरी. व्यायामाच्या बाईंनी वहीत काय लिहायचं म्हणून विचारलं, तर हे म्हणाले, "बॉनेट उघडणे, असं लिहा."

मशीनवर बसले की मला आतून तो आवाज येतो. थप्प. थोड्या वेळाने पुन्हा थप्प. पूर्वी मध्ये बराच वेळ जायचा, खुडबुड आणि शिव्या ऐकू यायच्या. आता शिव्या कमी झाल्यात.

परवा सकाळी मी आणि थंडोबा टेबलाशी बसलो होतो. त्याला कामावर जायचं होतं, मी चहा टाकायला उठणार, तोवर हेच स्वयंपाकघरातून बाहेर आले. उजव्या हातात कपबशी. कप बशीवर खडखड वाजत होता, चहा हिंदकळत होता. मी "अहो!" म्हणायला तोंड उघडलं आणि अर्धी उठलेही. तेवढ्यात थंडोबाने, त्यांच्याकडे बघत बघतच, ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं.

माझ्या घरात, मला. मी गप्प बसले.

हे सावकाश चालत आले आणि कपबशी जावयासमोर ठेवली. अर्धा चहा बशीत सांडला होता. थंडोबाने बशी उचलली आणि आधी तो प्यायला.